ओटा केवढा

काउंटरवर दोन लॅपटॉप उघडे होते. दिसायला सारखेच, करडे. एकात आठ जीबीची मेमरी, दुसऱ्यात सोळाची. मधे लीलाच्या सासूची, मालूबाईंची, पिशवी, तिच्यातून नातीच्या दुधाची बाटली डोकावत होती.

लीलानं बाळाला डाव्या कडेवर घेतलं आणि उजव्या हातानं पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "अनंतभाऊ, माझं एक पान दोन्हींवर उघडून पाहू?"

"पाहा ना वहिनी, बिनधास्त." अनंत तिच्या नवऱ्याचा, विनायकचा, शाळेतला दोस्त. त्यानं इतवारा बाजारात हे दुकान टाकलं तेव्हापासून विनायक घड्याळाचा सेलसुद्धा त्याला विचारून घ्यायचा.

पान उघडलं. लहान मुलांच्या पुस्तकासाठी लीला चित्रं काढत होती, त्यातलं हे मोठं पान. गावातल्या नदीवरचा राजघाट, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी, पाण्यातला दगडी हत्ती, आणि हत्तीच्या पाठीवर एक पोरगी. प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर, काचेवर काच ठेवावी तशी. लीलानं दुकानातलं स्क्रीनवर चालणारं पेन घेऊन आठवाल्यावर पोरीच्या वेणीची रेघ ओढली. हात थांबला, रेघ मागून आली. सोळावाल्यावर रेघ हाताबरोबरच आली.

"आठमधे बी होऊन जाईल," अनंत म्हणाला. "थोडे थोडे थर एक करत जायचे. फाइलचं वजन कमी होतं."

"घरी तेच करते," लीला म्हणाली.

घरचा जुना कॉम्प्युटर सारखा अडून बसायचा. मग ती पोरगी आणि हत्ती एक करून टाकायची. एकदा एक केलं की पोरीला पुन्हा हत्तीवरून उतरवता येत नसे.

विनायक वाकून स्टिकर वाचत होता. "अरे, याच्यावर पाचशे बारा लिहिलंय. मग मेमरी कमी कुठंय?"

"वो स्टोरेज आहे भाई. मेमरी अलग."

"अलग म्हणजे?"

"तू नेपानगरच्या मिलमधे कागद बनवतो का खातो रे? एवढं बी माहीत नाही?"

लीलाला हसू आलं. "अहो, ते पाचशे बारा म्हणजे आपलं कपाट. डबे भरून ठेवायचे. मेमरी म्हणजे ओटा. काम असतं ते ओट्यावर."

"मग आपल्या घरचा ओटा तरी कुठं मोठा आहे? भागतंच ना तुझं?"

"भागतं," लीला म्हणाली.

स्टुलावर बसून रस्त्यावरची गर्दी बघणाऱ्या मालूबाईंनी मान वळवली. "ओट्याचं काय म्हणून राहिले?"

"काही नाही आई, उदाहरण देतेय ती." विनायक अनंतकडे वळला. "असं करू, आत्ता आठ घेऊ. पोरगी शाळेत जायला लागली की वाढवून घेऊ."

"याच्यात वाढत नाही. बोर्डावरच बसवून येते. आज जी घेशील तीच शेवटपर्यंत." अनंतनं खिशातलं पेन काढलं. "वहिनी, काम तुमचं आहे. तुम्ही सांगा. केवढी?"

लीलानं विनायककडे पाहिलं. तो वरच्या पंख्याकडे बघत होता. तिनं बाळाचं वर सरकलेलं झबलं खाली ओढलं.

"आठ चालेल," ती म्हणाली. "मी करत जाईन थर एक."

मालूबाई स्टुलावरून उठल्या. "अश्शीच," त्या म्हणाल्या. "मी बी अश्शीच बोलली होती."

"काय बोलली होतीस?" विनायकनं विचारलं.

"घर बांधलं तेव्हा. गवंडी माझ्यासमोर येऊन उभा राहिला, म्हणे, बाई, ओटा केवढा करू? सासरे तिथंच. मी नवी नवरी. मी असा हात केला." त्यांनी दोन तळव्यांमधे सुपाएवढं अंतर धरलं. "एवढा पुरे, म्हटलं. तो तर हसला. म्हणे, याच्यावर शेगडी ठेवशील का परात? मी म्हटलं, चालेल. तेव्हापास्नं परात खाली आणि मी बी खाली."

"मग सांगायचं ना आई. आपण वाढवून घेतला असता."

"वाढवतो कुठं? इकडं मोरी, तिकडं दार." मालूबाई विनायकशी नाही, लीलाशी बोलत होत्या. "कोणी कमी नव्हता दिला माय. मला तर विचारलं होतं त्यानं."

बाहेर एक रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकला.

"आणि आई," लीलानं हळूच विचारलं, "केवढा पाहिजे होता तुम्हाला?"

मालूबाईंनी काउंटरवरची पिशवी उचलून स्टुलावर ठेवली. मग दोन्ही तळवे काउंटरच्या काचेवर टेकवले आणि एकमेकांपासून दूर नेऊ लागल्या. इथं शेगडी, इथं परात, इथं चिरायचं, असं काहीतरी पुटपुटत. डावा हात आठवाल्या लॅपटॉपला अडला. त्यांनी मनगटानंच तो बाजूला सारला आणि हात आणखी पुढं नेला.

लीलानं बाळ विनायकच्या कडेवर दिलं. "धरा हिला जरा." मग ती अनंतकडे वळली. "सोळा."

विनायकनं तोंड उघडलं, पण पोरीनं त्याचा चष्मा धरला होता. अनंतनं बिलाचा कागद पुढं ओढला.

"एवढा," मालूबाई म्हणाल्या. त्यांचे हात अजून काचेवर तसेच पसरलेले होते.