चिकटवलेला कान

"हा कान आमच्या वहिनीनं मोडला, पहिल्याच मंगळागौरीला," नणंदेनं जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरतानाच सांगून टाकलं आणि पोटाशी धरलेला चिनी मातीचा जुना जग टेबलावर ठेवला.

मृदुला आतल्या आत धुमसली. त्या दिवशी सरबत वाढायला तिनं जग उचलला आणि कान तेवढा हातात आला. तेव्हापासून सासरी तिच्या हाती कुणी काचेची बशीसुद्धा दिली नव्हती.

पारख्यानं दिवा मालवून सांध्यावर निळ्या उजेडाची बॅटरी धरली. "जग अस्सल आहे, विलायती. पण कान दोनदा चिकटवलाय. वर गोंद, खाली लाख. म्हणजे यांच्या आधीच कुणीतरी मोडला होता. भरलेला जग कुणीही उचलला असता, तरी कान निखळलाच असता."

"काहीतरीच. चल वहिनी, उशीर होतोय," म्हणत नणंदेनं जग उचलला, एक हात तळाखाली, दुसरा जगाच्या पोटावर.

मृदुलाच्या डोक्यात तिडीक गेली. त्या दिवशीही वन्संनी जग अस्साच आणून तिच्यापुढे ठेवला होता आणि "तू वाढ," म्हणाल्या होत्या.

तिनं दार अडवलं. "वन्सं, कानाला धरून उचला ना. मला उचलायला लावलात तसा."