मेंढरांच्या राखणीला

आबांच्या धाकट्या लेकाचं लग्न झालं त्या साली त्यांची नात प्रांजल भोरच्या सिस्टरांच्या शाळेत दुसरीला होती. अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून तिच्याशेजारी कुणी बसत नसे. सिस्टरांनी मग नाताळच्या नाटकात तिला मुद्दाम धनगर केलं.

पुठ्ठ्याचे पंख लावलेला देवदूत ओरडला, "धनगरांनो, बाळ येशू जन्मला! चला बघायला!"

बाकीचे धनगर पळत सुटले. प्रांजल मात्र, अंगाला कापूस चिकटवून मेंढरं झालेल्या पोरांपाशी काठी टेकून उभीच. देवदूतानं तीनदा बोलावलं. सिस्टर पडद्याआडून म्हणाल्या, "अगं, जा ना!"

"मेंढरं कुणाच्या भरवशावर टाकू?" पोरगी रडकुंडीला आली. समोरची माणसं हसायला लागली.

आता तिचं काय चुकलं? कळप टाकून गेलेल्या धनगराला आबांनी दारात उभं केलं नसतं. ते समोरच्या माणसांतून उठले, घोंगडं सावरत स्टेजवर चढले आणि मेंढरांच्या मधोमध फतकल मारून बसले.

"जा बाय तू. म्या हाय हितं."

प्रांजल धावली. नाटक संपलं तेव्हा दोन मेंढरं तिचा हात सोडीनात.

सिस्टर हसत म्हणाल्या, "आबा, सगळे जण देव बघून आले. तुम्हीच तेवढे राहिलात."

"त्याला कसली घाई, बाई? देव काय, भेटंल की नंतर."

आबा गेल्या माघात, बुधवारी सकाळी वारले.