गंगाकाकूंचं ताट

कढईत दुसरा घाणा पडला आणि तळणीचा वास पडवीपर्यंत आला. पडवीत बसलेल्या भास्करांनी दगडी गडग्यापलीकडे, शेजारच्या घराकडे पाहिलं. नाताळच्या आदल्या दिवशी या घरातून हा वास दरवर्षी जायचा. यंदा तो शेजारी जाऊ नये, असं त्यांना वाटत होतं.

गणपतीनंतर मिरकरवाड्याहून गेलेली बोट वाऱ्यात उलटली. बाकीचे खलाशी दाभोळच्या बाजूला जिवंत सापडले. भास्करांचा मुलगा दीपक सापडला नाही. सापडला नाही, म्हणून त्याच्या बायकोने, अक्षयाने, त्याला गेलेला मानला नाही. पाळकसाहेब येऊन हळूच विचारून गेले, स्मरणाची उपासना ठेवायची का. "कोणाच्या स्मरणाची?" असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली होती. गळ्यातलं क्रूसाचं मंगळसूत्र तिने काढलं नव्हतं. आज सकाळी नारळ खवताना सासऱ्यांना म्हणाली, की दीपकला ओल्या खोबऱ्याच्या करंज्या आवडतात, म्हणून त्याच करते.

रोज संध्याकाळी दिवे लागले की तिघं प्रार्थनेला बसत. आर्या, दीपकची मुलगी, शेवटी एकच वाक्य म्हणायची, "प्रभू, माझ्या पप्पांना घरी आण." त्यावर अक्षयाचं आमेन खणखणीत यायचं. भास्करांचं घशातच राहायचं. जन्मभर त्यांनी चर्चमध्ये रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं होतं, की आमेन म्हणजे तसंच होवो. मनात नसेल तर तोंडाने म्हणू नये.

फाटक वाजलं. शेजारच्या गंगाकाकू आत आल्या. हातात रुमालाने झाकलेलं ताट होतं.

भास्करांनी ताट पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. माणूस गेलेल्या घरात वर्षभर सणाची कढई चढत नाही. शेजारी आपल्या घरचा फराळ नेऊन देतात, आणि ते ताट त्या घराने रिकामंच परत करायचं असतं. देव निरनिराळे असले तरी वाडीत ही रीत सगळ्यांची एकच. काकूंनी दिवाळीत ताट आणलं नव्हतं. या घरचा सण नाताळ, म्हणून आज आणलं होतं.

काकू अंगणातच थबकल्या. त्यांनाही वास आला होता.

"तळण चाललंय काय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

भास्करांनी मान हलवली. काकू तशाच मागे वळल्या असत्या, पण आर्या धावत बाहेर आली. तिने ताट हातातून घेतलंसुद्धा, आणि थांबा हां काकू, असं बजावून आत पळाली. तिला हाक मारावी असं भास्करांच्या मनात आलं. हाक मारून सांगायचं काय, ते सुचलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा ताटात त्यांच्या घरच्या करंज्या होत्या. तेलातून नुकत्या काढलेल्या, टम्म फुगलेल्या.

"घ्या काकू. आजोबा म्हणतात, शेजाऱ्यांचं ताट रिकामं परत द्यायचं नाही."

काकूंचे हात पुढे आले नाहीत. "नको गो बाय," त्या म्हणाल्या.

"का? गरम आहेत."

काकू भास्करांकडे पाहू लागल्या. भरलेलं ताट घ्यावं तर या घरातलं कोणी गेलंच नाही, असं खोटं मानल्यासारखं होणार होतं. न घ्यावं तर का नाही, हे पोरीसमोर बोलावं लागणार होतं.

अक्षया केव्हा दारात येऊन उभी राहिली, कोणालाच कळलं नाही. हातात झारा होता. तिने ताटाकडे पाहिलंच नाही. काकूंकडे पाहत राहिली. काकूंचा हर्षद त्याच बोटीवर होता आणि तो वाचला होता. परत आल्यापासून तो या घरची पायरी चढला नव्हता. अक्षयानेही कधी त्याला काही विचारलं नव्हतं.

"काकू, हर्षदने बघितलं काय?" तिने विचारलं.

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. मग ती मान एकदाच हलली.

अक्षयाने झारा उंबऱ्यावर ठेवला. आर्याच्या हातातून ताट घेतलं. एकेक करंजी उचलून ती आपल्या ओढणीत ठेवू लागली. बोटं भाजत होती, पण तिने घाई केली नाही. सगळ्या काढून झाल्यावर ताटाला लागलेलं तेल तिने पुसलं, आणि रिकामं ताट काकूंच्या हातात दिलं. काकू गेल्या. अक्षयाने आत जाऊन गॅस बंद केला.

"आजोबा, माझं चुकलं का?"

"नाही गो. तू बरोबर केलंस."

"मग आईने सगळ्या काढून का घेतल्या?"

इतक्या वर्षांत मुलांच्या कुठल्याही प्रश्नाला भास्करांनी पळवाट काढली नव्हती. आता ते म्हणाले, "चल, प्रार्थनेला बस."

दिवा लागला. अक्षया आली, पण खाली बसली नाही. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली. ओढणीचा ओचा तिने अजून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

आर्याने हात जोडले. आजोळच्या आजीसाठी म्हणून झालं, शाळेसाठी म्हणून झालं. मग नेहमीचं वाक्य आलं.

"प्रभू, माझ्या पप्पांना घरी आण."

ती थांबली. काहीच ऐकू आलं नाही. तिने एक डोळा उघडून आईकडे पाहिलं. आईचे ओठ मिटलेले होते. मग ती आजोबांकडे पाहू लागली. तिचे हात तसेच जोडलेले होते.

भास्करांनी घसा साफ केला, आणि अक्षया रोज म्हणायची तसं, खणखणीत म्हणाले, "आमेन."