फुंकणी

करड्या पिकअपने सलग सहाव्या शनिवारी संजयला मागे टाकलं, आणि पुढे जाताना दोनदा हॉर्न वाजवला.

जागा तीच. कॅनडातलं होप गाव मागे पडलं की कॅम्लूप्स शहराचा रस्ता चढाला लागतो. तिथे संजयच्या निळ्या पिकअपला धाप लागायची. त्याने अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला. इंजिन नुसतंच ओरडलं.

"बाबा, लेट इट गो," शेजारी बसलेली ऊर्मी म्हणाली. ती अकरा वर्षांची होती.

"तू गप्प बस."

ती गप्प बसली, पण कॅम्लूप्सला पोचल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. माधवी तिथल्या इस्पितळात नर्स होती. सरेला, घराजवळ नोकरी मिळेपर्यंत तिला तिथेच राहणं भाग होतं, म्हणून बापलेक दर शनिवारी तिच्याकडे जायचे. माधवीने आवाज चढवला नाही. पोरगी गाडीत असताना पुन्हा शर्यत लावलीस तर यापुढे ती बसने येईल, तुझ्याबरोबर नाही, एवढंच तिने सांगितलं.

संजयला माधवीचा राग आला नाही. करड्या पिकअपचा आला. त्याच्या काचा काळ्या होत्या, आत कोण आहे तेही दिसत नव्हतं. तो राग गेले पाच आठवडे त्याच्याबरोबर कामावर जात होता, ग्रोसरीच्या रांगेत उभा राहत होता, जेवायलाही बसत होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी परत आल्या आल्या त्याने गाडी घराऐवजी बळवंतकाकांच्या गॅरेजकडे वळवली.

बळवंतकाकांनी सांगलीच्या आयटीआयमध्ये तीस वर्षं शिकवलं होतं. मुलाकडे सरेला आले, पण नुसतं बसवेना, म्हणून गॅरेज काढलं. रविवारी तिथे पोरांचा वर्ग भरायचा. पोरं सायकली खोलायची आणि काका फळ्यावर सुबक अक्षरात प्रत्येक भागाचं नाव लिहायचे. एप्रिलअखेर संजय बर्फातले विंटर टायर काढायला गेला होता, तेव्हा काकांनी चहा पाजून त्याची सगळी विचारपूस केली होती. बायको कुठे असते, तिच्याकडे कधी जातोस, किती वाजता निघतोस. इतक्या आपुलकीने इथे कोण विचारतं, असं संजयला तेव्हा वाटलं होतं.

आता त्याने सुपरचार्जर बसवायचा म्हटल्यावर काकांनी मान हलवली.

"नको रे. राग उतरला की पस्तावशील."

"उतरणार नाही."

"दोन शनिवार जाऊ दे. मग बघू."

"काका, तुम्ही बसवत नसाल तर दुसरीकडे जातो."

काकांनी सुस्कारा सोडला आणि खडू उचलला. फळ्यावर चूल काढून ते ऊर्मीला समजावू लागले. लाकूड तेच, चूल तीच, पण फुंकणीने वारा घातला की जाळ होतो. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाची फुंकणी. तो हवा कोंबतो, मग पेट्रोलही जास्त जळतं आणि ताकद वाढते.

"अँड हू ब्लोज?" ऊर्मीने विचारलं.

काका खूश झाले. चांगला प्रश्न विचारणारं पोर त्यांना फार आवडायचं. "कुणीच नाही, बाळ. इंजिनच पट्ट्याने तो फिरवतं. आपण एकदा बसवून द्यायचा. पुढे ज्याचा तो पेटत राहतो."

मजुरी घ्यायला ते तयार होईनात. म्हणाले, "सामानाचं तेवढं दे. पुढे कधीतरी एक काम सांगेन, तेव्हा नाही म्हणू नकोस. मास्तरची दक्षिणा समज."

रविवारी पोरांना गणित शिकवायला सांगतील, असं संजयने गृहीत धरलं. त्याने वाकून नमस्कार केला.

गुरुवारी गाडी मिळाली. पाय दाबला की आता बारीक शीळ उठायची आणि पाठ सीटला चिकटायची.

"तो ग्रे ट्रकपण असाच विसल करतो," ऊर्मी म्हणाली.

"करत असेल," संजय म्हणाला.

शनिवारी निघताना ऊर्मीने वचन मागितलं. त्याने दिलं. चढापर्यंत पाळलंही. मग आरशात करडा पिकअप दिसला.

संजयने त्याला बरोबरीला येऊ दिलं, मग पाय दाबला. शीळ चढत गेली. ऊर्मीने कानांवर हात ठेवले. "बाबा, यू प्रॉमिस्ड," ती एकदाच म्हणाली. करडा पिकअप बाजूच्या काचेतून सरकला, मग मागे पडला. संजयने दोनदा हॉर्न वाजवला. ऊर्मी काचेकडे तोंड करून बसली.

राग मात्र उतरला नव्हता. चढ संपतो तिथे ट्रकवाल्यांना ब्रेक तपासायला मोकळी जागा आहे. संजयने गाडी तिथे घातली. करडा पिकअप त्याच्यामागोमाग आत आला. संजय मुठी आवळून त्याच्या दारापाशी गेला.

दार उघडलं. आत पस्तिशीचा एक माणूस एकटाच होता. मागे लहान मुलीची गुलाबी सीट होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. माणसाने हात जोडले.

"सुटलो," तो मराठीत म्हणाला. "सात शनिवार तुम्ही मला मागे टाकायची वाट बघत होतो. माझी दक्षिणा फिटली. मी पुष्कर."

संजयची मूठ वर उचललेलीच राहिली. मागे निळ्या गाडीत ऊर्मी आईला फोन लावून बसची वेळ विचारत होती.

पुष्करने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्या दुसऱ्या हातात दिला. कागदावर फळ्यावरचं तेच सुबक अक्षर होतं.

'लाल पिकअप. रविवार, सकाळी नऊ. होपनंतरचा चढ. हॉर्न दोनदा.'