खोकला कुणाकडचा

लग्नाला आठवडा झाला तरी दोन्ही घरं खोकत होती. आई म्हणायची, मुलाकडच्यांनी आणला. सासूबाई म्हणायच्या, सीमांतपूजनाला खोकत कोण आलं होतं, मुलीची आईच ना? शेवटी नव्या नवरीनंच सगळ्यांच्या नाकात काडी फिरवली. केतकी विषाणूंच्या प्रयोगशाळेत कामाला होती.

विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कधीकधी त्याच्या जनुकांतलं एखादं अक्षर बदलतं. ती अक्षरं एकमेकांशी ताडून पाहिली की खोकला कुठून कुठे गेला ते कळतं. आज दुपारी ते कळलं.

सासरच्या सगळ्यांचा विषाणू सलीलचाच, म्हणजे नवरदेवाचा होता. केतकीचाही तोच, एका अक्षराचाही फरक नाही. आईच्या विषाणूत तीच अक्षरं होती, फक्त एक नव्यानं बदललेलं, जे आणखी कुणातच नव्हतं. म्हणजे खोकला सलीलकडून केतकीकडे आणि तिच्याकडून आईकडे गेला होता, तोही लग्नाच्या आधी, कारण सीमांतपूजनाला आई खोकतच आली होती. पंधरा दिवस अजिबात भेटायचं नाही, असं आईनं बजावलेलं असताना. केतकी ब्लाउज आणायला म्हणून बाहेर पडली होती आणि सलीलबरोबर एकाच कपातलं आईस्क्रीम खाऊन आली होती.

तिनं आईला फोन लावला. "आई, नीटसं काही कळलं नाही गं."

आई थोडी खोकली. "असू दे. सासूबाईंना सांग, आमच्याकडूनच आला. मी ऐकून घेईन."

"अगं, पण..."

"आणि पुन्हा कधी ब्लाउज आणायला गेलीस, तर ब्लाउज घेऊन येत जा."