विकलेल्या म्हशीचा पट्टा

बाजारच्या काट्यावर म्हशीचं वजन घरून निघताना होतं तेवढंच भरलं. दिवसभर ट्रकमध्ये हिंदकळूनही ती निवांत रवंथ करत होती, कारण गळ्यातला यंत्राचा पट्टा तिला आपण अजून गोठ्यातच आहोत असं भासवत होता.

सौदा ठरला. सुंदराबाईंनी पट्टा सोडायला हात घातला. विकलेल्या जनावराचं दावं परत घरी न्यायची रीत होती, आता दाव्याच्या जागी पट्टा आला होता.

“मावशी, राहू द्या तो,” घेणारा म्हणाला. “काढला तर चारा सोडेल, आठवड्यात वाळून जाईल.”

“वाळू दे थोडी. मी विकली हे तिला कळायला नको?”

त्यांनी पट्टा काढला. म्हशीनं बाजार पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं. तिचं बघून होईपर्यंत सुंदराबाई समोरून हलल्या नाहीत.