असरनंतरचा फोन

“सिस्टर, ये फोन इंडिया में खलास,” फहाद म्हणाला. “कंपनी का लॉक है. दूसरा सिम नहीं लेगा. ये ओपनवाला ले लो.”

कुबराने काउंटरवरचा जुना फोन झटकन उचलून छातीशी धरला. “नको. मला हाच हवा.”

शेजारी तिची लेक उझमा उभी होती. सौदीतल्या अल मलाझ भागातल्या याच काउंटरमागे उझमाचे अब्बा, कादिर, कित्येक वर्षं उभे असायचे. मग मोबाइलच्या दुकानांत फक्त सौदी माणसंच ठेवायचा नियम आला. अब्बांनी फहादला काम शिकवलं, मोडकीतोडकी हिंदी शिकवली आणि स्वतः लाल समुद्रावर मासेमारीच्या होडीत गेले. हर्णैच्या माणसाला पाण्याचं काय भय! पण एका वादळात ती होडी परत आली नाही. मयतसुद्धा हाती लागलं नाही.

अम्मीने अन्न टाकलं. अंथरुणातून उठेना. तेव्हा उझमाने शेजारच्या खैरुन्निसाखालाच्या घरून, नंबर लपवून, तिला फोन लावला. बोलणार काय? नुसती श्वास धरून उभी राहिली.

“उझमाचे अब्बा?” पलीकडून अम्मी म्हणाली. “तुम्हीच ना?”

त्या संध्याकाळी अम्मीने उठून चूल पेटवली. मग उझमाला थांबताच येईना. रोज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर ती फोन लावी, अम्मी एकटीच बोलत राही आणि ऐकता ऐकता उझमा ओढणीत तोंड खुपसून रडे. आपल्या पाठीशी कुणीतरी ओल्या कपड्यांनी उभं आहे, असं वाटे. वळून बघायचा धीर होत नसे.

आता अब्बाच नाहीत म्हटल्यावर मायलेकींच्या इकाम्याचीही, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचीही, मुदत भरत आली होती. गावची तिकिटं निघाली होती.

“लॉक नसलेला फोन घेतला की तिथलं सिम चालेल, अम्मी,” उझमा हळूच म्हणाली.

“आणि हा नंबर बंद पडेल. असरनंतर कुणीतरी माझी वाट बघतं, उझमा.”

उझमाला राहवलं नाही. “कुणी नाही बघत! तो फोन मी करते. मीच करते, अम्मी. अब्बा गेले.”

फहादने मान खाली घातली. कुबरा मात्र दचकली नाही.

“ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी मागून खैरुन्निसाचा पोपट ओरडला.”

“मग रोज बोलायचीस कुणाशी?”

कुबराने जुना फोन काउंटरवर ठेवला आणि फहादला खुणेनेच ओपनवाला दे म्हणून सांगितलं. मग तिने उझमाचा हात हातात घेतला.

“तुझ्याशी. समोर असलीस की डोळ्यांतून टिपूस काढत नव्हतीस. फोनवर निदान रडायचीस तरी.”